मोठेबाबांची हाक

मोठेबाबांना कुणाला हाक मारायची असली की ते तळहात आपटायचे. जमिनीवर, भिंतीवर, टेबलावर, जे जवळ असेल त्यावर, एकदाच आणि सपाट हाताने. लग्नानंतर त्यांच्या पाया पडायला अकोल्याला गेलो, तेव्हा मी त्यांच्याच खोलीत चहा गाळत उभी होते. मागून भिंतीवर असा काही दणका बसला की गाळणी एकीकडे आणि मी एकीकडे. वळून बघते तर हे गृहस्थ खाटेवर शांत बसलेले, अंगठा ओठांशी नेऊन काहीतरी दाखवताहेत. पाणी मागताहेत, असं माझ्या नवऱ्याने, निलेशने, हसत सांगितलं. मला वाटलं माणसाला वाचा नाही. वाचा होती, आणि चांगली खणखणीत होती. पण इतक्या वर्षांत ती वापरायची सवयच राहिली नव्हती.

निलेशच्या वडिलांचे हे थोरले भाऊ. बापाच्या थोरल्या भावाला आमच्या वऱ्हाडात मोठेबाबा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांचं सगळं आयुष्य अकोल्याच्या एका जिनात गेलं. मी पडले अमरावतीच्या वकिलाची मुलगी, मी कापूस पाहिलेला तो गादीतला. जीन म्हणजे कापसातली सरकी बाजूला काढून रुई करणारा कारखाना, हेसुद्धा मला लग्नानंतर कळलं. मोठेबाबा तिथे फिटर होते. वय विचारलं तर वर्षं सांगत नसत, सीझन सांगत. दिवाळी ते होळी हा एक सीझन, असे त्यांचे एक्केचाळीस झाले होते. ओळीने सगळ्या मशिनी सुरू झाल्या की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे. मग तिथल्या माणसांनी आपसात हातांची एक बोली करून टाकली होती. पाणी, पट्टा सुटला, मशीन थांबव, मालक आला, कुणाचं बोट गेलं, आग लागली, सगळ्याला खुणा. ज्याला बोलवायचं त्याच्या पायाखालच्या फळ्यांवर हात नाहीतर पाय आपटायचा. हादरा तळपायातून वर चढला की माणूस वळायचा. “तिथं तोंडाले कामच नाही,” मोठेबाबा म्हणायचे, “तोंड फक्त बिडीसाठी.” एवढ्या सीझनांत आधी डावा कान गेला आणि मग उजवाही जवळजवळ गेला. समोरच्याचे ओठ बघून मात्र ते बोलणं बरोब्बर पकडायचे.

निलेश सातवीत असताना त्याचे वडील गेले. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं, बायकोही लवकर गेलेली. त्यांनी पुतण्याला अकोल्याला आणलं आणि जिनाच्या क्वार्टरमध्ये ठेवून पदवीपर्यंत शिकवलं. त्यामुळे निलेशलाही ती हातांची बोली येते. दोघं समोरासमोर बसले की घरात आवाज नाही आणि गप्पा मात्र रंगलेल्या. मधूनच दोघं एकदम हसायचे. माझ्याबद्दल काही चाललं आहे, असं मला हमखास वाटायचं आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

आमचा ओजस झाला आणि तिसऱ्या महिन्यात प्रश्न उभा राहिला की याला सांभाळायचं कोणी. राजापेठेत आमचं घर, मागच्या खोलीत माझी गणिताची शिकवणी, दिवसाला तीन बॅचेस. निलेश कृषी खात्यात, त्याची बदली चिखलदऱ्याला, घरी यायचा शनिवारी. सासूबाई होत्या, पण त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. एक बाई ठेवली, ती बाळाला मांडीवर घेऊन मोबाईल बघायची. दुसरी आठ दिवसांत गेली. तेव्हा निलेशला मोठेबाबा आठवले. जीन बंद पडून दोन वर्षं झाली होती, ते अकोल्यात एका खोलीत एकटेच राहत होते. लोकांना आम्ही सांगायचो की म्हातारपणी त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून घेऊन आलो. खरं सांगायचं तर आम्हाला फुकटची आया हवी होती.

सासूबाईंना हे फारसं पटलं नव्हतं. मोठेबाबा त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही जुनी रीत त्या अजून पाळत होत्या. ते बाहेरच्या खोलीत आले की या स्वयंपाकघराच्या दारामागे जायच्या आणि तिथून मला सांगायच्या, “त्याईले म्हणा, जेवन झालं.” मी ते मोठेबाबांना सांगायचे. त्यांना तसंही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तीस-पस्तीस वर्षांत या अबोल्याने कुणाचंच काही अडलं नव्हतं.

बाळाला रमवणं ही मोठेबाबांच्या लेखी ड्यूटी होती. सकाळी आठला आंघोळ करून, दाढी करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून ते बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर हजर. दिवाण म्हणजे प्लायवूडचा पोकळ डबाच, वर पातळ गादी. त्यावर ओजसला उताणं ठेवायचं आणि आपण समोर मांडी घालून बसायचं. बाळाला ते शेठ म्हणायचे. का, तर हा पडून राहतो आणि बाकी सगळे त्याच्यासाठी राबतात. रडणाऱ्या पोराला घेऊन येरझारा घालणं, आऊ-माऊ करणं, गाणी म्हणणं यातलं काही नाही. “लेकरू रमवनं म्हणजे मशीन चालू ठेवनं,” ते मला एकदा म्हणाले. “बंद पडल्यावर धावून काय उपेग? आवाज बदलला की पहिलेच समजलं पायजे.” ज्याला आवाजच ऐकू येत नव्हता, तो माणूस हे सांगत होता. पण मशिनीवर हात ठेवून तिचं दुखणं ओळखायचं हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं. ओजसच्या पोटावर ते तळहात ठेवायचे आणि तो रडायच्या आत सांगायचे की आता याला भूक लागेल. कधी चुकले नाहीत.

त्यांचे खेळ सगळे जिनातले. ‘पट्टा सुटला’ या खेळात दोन्ही हात चाकासारखे फिरवायचे, हळू, मग जोरात, मग आणखी जोरात, आणि एकदम पट्टा सुटल्यासारखे दोन्ही हात हवेत फेकून धाडकन दिवाणावर आडवं व्हायचं. ओजस पोट धरून हसावं तसा हसायचा, त्याचे पाय हवेत चालायचे. ‘मालक आला’ या खेळात आधी मोठेबाबा पेंगायचे, मग डोक्यावर हात ठेवून मालक आल्याची खूण करायचे आणि ताठ बसून भलतेच कामसू व्हायचे. मालक गेला की पुन्हा पेंगणं. हा खेळ ते दिवसातून वीस वेळा करत आणि वीसही वेळा त्या दोघांना तो नवा वाटे. कधी गादीच्या उसवलेल्या शिवणीतून कापसाचा पुंजका काढून तो फुंकरीने बाळाच्या तोंडावर तरंगत ठेवायचे. मी बॅचच्या मधल्या पाच मिनिटांत दारात येऊन बघायचे, आणि मला माझ्या मुलाचा हेवा वाटायचा. माझ्या वडिलांनी मला कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसवून ठेवलं होतं.

आणि ती हाक तर होतीच. ओजस दुसरीकडे बघत असला की मोठेबाबा दिवाणावर तळहात आपटायचे आणि बाळ चटकन वळायचं. चौथ्या महिन्यात हे सुरू झालं आणि आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायचा तो एक कार्यक्रमच झाला. बघा, मोठेबाबांनी बोलावलं की कसं बघतं. माझ्या भावाने पुण्याहून गाणं म्हणणारा खुळखुळा आणला, त्याच्याकडे ओजसने ढुंकून पाहिलं नाही. त्याला मोठेबाबा मिळाले आहेत, त्याला खेळण्यांची काय पर्वा, असं आम्ही म्हणालो. मिक्सर सुरू असला तरी हा झोपलेला असायचा. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या की किती गुणाचं लेकरू आहे, कुकरच्या शिट्टीनेही उठत नाही. दवाखान्यातून सोडताना बाळाच्या कानांची तपासणी महिनाभरात करून घ्या म्हणून एक चिठ्ठी दिलेली होती. ती फाईलमध्ये होती. आधी टाके दुखत होते, मग बॅचेसच्या परीक्षा आल्या, आणि पुढे ओजस हाकेला वळायला लागल्यावर त्या चिठ्ठीची गरजच काय उरली होती.

एप्रिल लागला. आमच्या गावचा उन्हाळा जो बघून आहे त्याला सांगायला नको. बाहेरच्या खोलीत कूलर सुरू झाला आणि घरात सगळ्यांनाच एकमेकांचं अर्धं बोलणं ऐकू येईना. त्या दिवसांत मोठेबाबांचं काहीतरी निराळंच चाललेलं मी बघत होते. ते ओजसला दिवाणावरून उचलून खाली जाड गादीवर ठेवायचे, मागे जाऊन भिंतीवर हात आपटायचे आणि थांबायचे. मग पातेल्यावर पळी वाजवायचे आणि थांबायचे. मग पुन्हा दिवाणावर ठेवून तळहात आपटायचे. असं चार-पाच दिवस चाललं. मला वाटलं, नवा खेळ काढलेला दिसतो.

एका दुपारी चारच्या बॅचच्या आधी मी स्वयंपाकघरात पाणी पीत होते. मोठेबाबा आत आले. कधी नव्हे ते त्यांनी गळ्यावर दोन बोटं ठेवली होती. आपला आवाज चढला की नाही हे त्यांना कळायचं नाही, म्हणून हळू बोलायचं असलं की ते असं करायचे. सासूबाई आत झोपल्या होत्या.

“सूनबाई,” ते म्हणाले, “शेठ माह्यासारखा आहे. त्याले आयकू येत नाही.”

मला काय झालं ते मी आज इतक्या वर्षांनी नीट सांगू शकते. मला भीती वाटली नाही, राग आला. हा बहिरा म्हातारा माझ्या सोन्यासारख्या पोराला आपल्या पंगतीत बसवतो आहे, असं वाटलं. मी म्हणाले, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून जगालाच येत नाही का? मी तरातरा बाहेर गेले, ओजसला दिवाणावर बसवलं, त्याच्या पाठीशी उभी राहिले आणि दिवाणाच्या कडेवर जोरात हात मारला. ओजस वळला. मी मोठेबाबांकडे बघितलं. ते मान हलवत होते, हात खाली दाखवून प्लायवूडवर तळवा टेकवून काही सांगू बघत होते. मी बघायचं नाकारलं. नववी-दहावीच्या पोरांना मी रोज सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदला, तरच कळेल फरक कशाने पडला. त्या दिवशी मला हे आठवलं नाही, आणि तो आवाजाला वळला की प्लायवूडच्या हादऱ्याला, हे मी तपासलंच नाही.

“हे पुन्हा कुणापुढे बोलायचं नाही,” मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाले. “निलेशपुढेही नाही.” त्यांनी मान डोलावली. माझ्या बॅचची मुलं चपला काढत होती. मी आत जाऊन वर्गसमीकरणं शिकवली.

नवव्या महिन्यात गोवराची लस द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आवाजाला वळतो का? मी हो म्हणाले. मोठेबाबा माझी पिशवी धरून शेजारी उभे होते. त्यांनी डॉक्टरांचे ओठ वाचले, माझे वाचले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी रोजच्यासारखी ड्यूटी सुरू केली. उलट त्या महिन्यांत त्यांनी ओजसला जास्तच शिकवलं. वर्षाचा होईपर्यंत ओजसला अंगठा ओठांशी नेऊन पाणी मागता येऊ लागलं. डोक्यावर हात ठेवून तो निलेश आल्याचं सांगायचा, कारण घरात मालक तोच. आम्ही कौतुकाने लोकांना दाखवायचो. शब्द मात्र एकही आला नव्हता. मुलगे उशिरा बोलतात, असं सासूबाई म्हणाल्या आणि मी लगेच मान्य केलं.

दिवाळीत निलेश चार दिवस घरी होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ओजसला कडेवर घेऊन तो फाटकाशी उभा होता. गल्लीतल्या पोरांनी अगदी पुढ्यात सुतळी बॉम्ब लावला. निलेशच्याही तोंडून शिवी गेली. शेजारचं दोन वर्षांचं पोर किंचाळून आईला चिकटलं. ओजस निलेशच्या कडेवर आरामात बसून वर जाणारा धूर बघत होता. निलेशने आधी पोराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून ओजसच्या कानामागे वाजवला. पुन्हा वाजवला. मी पणती हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होते. तो जे करत होता ते सहा महिन्यांपूर्वी मोठेबाबांचं करून झालं होतं.

भाऊबीज झाल्यावर नागपूरला तपासण्या झाल्या. दोन्ही कानांत जवळजवळ काही नव्हतं, आणि ते जन्मापासून होतं. मोठ्या ऑपरेशनने आणि मशीनने ऐकू येऊ शकेल, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं किती येईल ते मात्र सांगता येत नाही, सहा-सात महिने आधी आणलं असतं तर खूप बरं झालं असतं, हे त्यांनी हळूच, कुणाला दोष न देता सांगितलं. मेंदूचे ऐकायला शिकायचे दिवस मोजकेच असतात म्हणे. तुम्हाला शंका कधी आली, असं त्यांनी विचारलं. दिवाळीत, निलेश म्हणाला. मी फाईल पिशवीत घातली.

परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मोठेबाबा दिवाणावर बसून होते. निलेशने चपलासुद्धा काढल्या नाहीत. लहानपणापासून तो त्यांच्याशी हातांनी बोलत आला होता, त्या दिवशी तोंडाने बोलला.

“तुमी दिवसभर त्याच्यापाशी असता. तुमाले समजलं नाही? का समजून चूप राह्यले?”

मोठेबाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. ओजस माझ्या खांद्यावर झोपला होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. एक वाक्य होतं, ते मला पाठ होतं, नागपूरपासून मी ते मनात घोळवत आले होते. ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

“माह्या ध्यानात नाही आलं,” मोठेबाबा म्हणाले.

तेव्हा सासूबाई दारामागून बाहेर आल्या. डोक्यावर पदर घेतलेला होता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या आपल्या भासऱ्यांच्या समोर उभ्या राहून त्यांच्याशी बोलल्या. “भयऱ्या मानसाच्या हाती लेकरू देल्लं,” त्या म्हणाल्या, “चुकलं ते आमचंच.” मोठेबाबांनी त्यांचे ओठ याआधी कधी वाचले नव्हते. पण ते सगळं त्यांना पहिल्या झटक्यात समजलं.

त्यानंतर निलेशचे हात त्यांच्यापुढे हलले नाहीत. जेवायला बोलवायचं तर मला सांगायचा. बोलणं बंद करणं म्हणजे काय ते मी आमच्या माहेरी पुष्कळ पाहिलं आहे, पण गप्प बसलेले हात मी तेव्हाच बघितले. शनिवारी तो यायचा, मोठेबाबा त्याच्याकडे बघून काही खूण करायचे आणि तो मोबाईल काढायचा.

ऑपरेशनच्या आधी ओजसला कानामागे लावायची मशीन्स मिळाली आणि त्याला ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे जायला लागलो. चांगल्या होत्या, कडक होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी घरच्यांसाठी नियम सांगितला की आता हातवारे बंद. मुलाला डोळ्यांनी भागवायची सवय लागली आहे. हातांनी सांगितलं तर तो कानाने कशाला शिकेल? घरात कोणीही खुणा करायच्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं असं मला तेव्हा वाटलं, आजही बऱ्याच अंशी वाटतं. घरी येऊन मी हे मोठेबाबांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आठला ते दिवाणावर बसले, रोजच्यासारखे, आंघोळ करून. दोन्ही हात मात्र त्यांनी मांडीखाली घातले होते. ओजस रांगत आला, समोर बसला आणि वाट बघू लागला. मोठेबाबा तोंडाने बोलायला लागले. काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते स्टेशनांची नावं म्हणत होते, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव, अकोला. ओजसने थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो पुढे सरकला आणि त्यांच्या मांडीखालून हात ओढून काढू लागला. त्याने सगळा जोर लावला. हात निघेना तशी त्याने स्वतःचे हात चाकासारखे फिरवून दाखवले, अंगठा ओठांशी नेला, डोक्यावर हात ठेवला. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या खुणा केल्या. मोठेबाबा मान हलवत राहिले आणि अकोल्यानंतर पुन्हा बडनेऱ्यापासून सुरुवात करत राहिले. ओजस रडायला लागला. मी बॅच सोडून दारात उभी होते, आणि मला मध्ये जाऊन त्या माणसाचे हात सोडवता आले नाहीत.

असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी त्यांची पिशवी भरलेली दिसली.

मी त्यांना टू-व्हीलरवर बसवून एसटी स्टँडवर सोडायला गेले. निलेश चिखलदऱ्याला होता. अकोल्याची गाडी लागलेली होती, ते चढेनात, फलाटावर माझ्यासमोर उभे राहिले. मी म्हणाले, या शनिवारी मी निलेशला सगळं सांगते. तुम्ही एप्रिलमध्येच मला सांगितलं होतं, ते सांगते. त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग गळ्यावर दोन बोटं ठेवली.

“काई गरज नाही. त्याचा राग माह्यावर राहू दे. मी चाललो अकोल्याले. तुले त्याच्यासंगं राहाचं आहे.”

मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत चढले. आणि मी शनिवारी निलेशला काहीही सांगितलं नाही. ऑपरेशन तोंडावर आलं होतं, पैशांची, रजेची, नागपूरला राहण्याची धावपळ होती, आता घरात नवं भांडण नको, असं मी स्वतःला सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर वेगळं कारण सापडलं. माणसाने परवानगी दिली की भित्रेपणा किती सोयीचा होतो हे मला त्या दोन वर्षांत कळलं.

दर रविवारी मोठेबाबांच्या शेजारची बाई मला फोन करायची. ते तिच्याजवळ बसलेले असायचे. शेठ नवं काय बोलला, एवढं एकच विचारायचे. ओजसने ‘आई’ म्हटलं ते, ‘दे’ म्हटलं ते, ‘पाऊस’ला ‘पाऊ’ म्हटलं ते मी सांगायचे आणि ती बाई त्यांच्याकडे तोंड करून ते पुन्हा म्हणायची. मग फोनमध्ये त्यांचा खणखणीत आवाज यायचा, “निलेश आहे का घरी?” मी निलेशकडे बघायचे, तो मान हलवायचा. मग मी त्या बाईला सांगायचे की तो बाहेर गेला आहे.

गेल्याच्या गेल्या मे महिन्यात तिचा फोन रविवारी न येता मंगळवारी आला. सकाळी चहा घेतला आणि खाटेवर टेकले ते टेकलेच. निलेशने अग्नी दिला. त्यांना दुसरं होतं कोण? सासूबाई गुडघ्यांचं निमित्त करून आल्या नाहीत. तेरवी अकोल्यातच उरकली. खोली रिकामी करायला फार वेळ लागला नाही.

परतताना निलेश गाडी चालवत होता, ओजस मागे झोपला होता. मूर्तिजापूर मागे पडलं आणि मी सांगायला सुरुवात केली. एप्रिलपासून, स्वयंपाकघरापासून, दिवाणाच्या कडेवर मारलेल्या हातापासून. कुणापुढे बोलायचं नाही असं मीच म्हणाले होते, हे सांगितलं. डॉक्टरांना हो म्हणाले ते सांगितलं. एसटी स्टँडवरचं सांगितलं. त्याने गाडी थांबवली नाही, वेग कमी केला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. ओरडेल, खाली उतर म्हणेल, काहीतरी करेल म्हणून मी वाट बघत होते. बडनेरा आलं. रेल्वेच्या पुलावर तो म्हणाला, “आईले सांगू नको.”

मी नाही सांगितलं. त्यानेही नाही. आम्ही दोघं त्या दिवसापासून पुन्हा त्यावर बोललेलो नाही. हे लिहिते आहे ते मोठेबाबांची माफी मागायची राहून गेली म्हणून, आणि लिहूनही ती मागितली जात नाही हे मला कळतं.

ओजस आता बालवाडीत जातो. कानामागच्या मशीनने त्याला चांगलं ऐकू येतं, आतल्या खोलीत हळू बोललेलंही. बोलणं अजून थोडं जड आहे, ‘र’ आणि ‘स’ नीट येत नाहीत, पण येतील. मोठेबाबा त्याला अजिबात आठवत नाहीत. मागच्या रविवारी सासूबाईंची तिवस्याची बहीण आली होती. दोघी चहा घेत बसल्या होत्या आणि सासूबाई नेहमीचं सांगत होत्या, आमच्या भासऱ्यानं घात केला, समजून उमजून चूप राह्यला, लेकराची दोन वर्षं खाल्ली. ओजस खाली गाड्या खेळत होता. तो थांबला, आजीकडे बघितलं, उठून आमच्याजवळ आला. निलेश आणि मी दिवाणावर बसलो होतो.

“आजी कोणाला बोलते?” त्याने विचारलं. एकेक शब्द सुटा, शिकवल्यासारखा स्पष्ट.

निलेशने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “कोणी नाही, बेटा,” तो म्हणाला.

ओजसने मग माझ्याकडे पाहिलं. मीही तेच सांगितलं.